लागलं म्हणायचं

जालन्यात सळईचा काय तोटा.
आठ एमएम, बारा, सोळा, ट्रकच्या ट्रक
माझ्याच वजनकाट्यावरून जातात रोज,
आणि मी शोधत फिरतोय
ज्यानं लागणार नाही असं काहीतरी.

गाभ्याला इलेक्ट्रिकचा पाइप, साडेसहा फूट,
आत वेळूची काठी, नाहीतर मधेच लचकतो.
वरून फोमची काळी नळी,
एसी बसवणाऱ्या मुजीबनं दिली, कुठल्याशा बंगल्यावर उरलेली.
साबणाचं पाणी लावून सरकवली इंच इंच,
जशी बांगडी चढवतात
सुजलेल्या हातावर.

पात्यासाठी बालवाडीची जुनी मॅट, मुळाक्षरांची.
माझ्या वाट्याला ढ आणि ध.
कटरनं कोर कापली तशी ढ चं पोट गेलं,
ध तेवढा राहिला पात्यावर.
धनुष्याचा की धपाट्याचा, ज्यानं त्यानं ठरवावं.

सोल्यूशन लावून दहा मिनिटं वाळू द्यायचं असतं.
मी सातव्याला चिकटवलं,
म्हणून पातं जरा डावीकडं बघतं.

टोक मात्र अवघड.
पाइप टोकातून बाहेर आला की खेळ संपला,
आणि एखाद्याचा डोळाही.
गफूर नद्दाफ गादीला टाके घालत होते, सुई वीतभर.
"मारने का बी, और लगने का बी नै?"
मला खालून वर पाहिलं.
मग उशीच्या फोमचा मुठीएवढा गोळा कापला,
त्याखाली जुन्या स्लीपरची टाच,
दोरा दातानं तोडत म्हणाले,
"मेरे पास आते सो लोगां नींद मांगते. तू पैला."
पैसे घेतले नाहीत.
सुतळी मात्र मोजून दिली.

रात्रपाळीला काट्यावर ठेवून बघितलं.
साठ टनी काटा.
आकडा जागचा हलला नाही.

रविवारी कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात
मयूरा घुगे हत्यारं तपासते.
ज्याचं हत्यार, पहिला वार त्याच्याच पाठीवर,
पूर्ण ताकदीनं. तिची ताकद म्हणजे
रोज दवाखान्यात पेशंट उचलणारीची.
धप्प.
"लागलं?"
"नाही."
"पास. पण खेळात लागलं म्हणायचं बरं का.
इथं पंच नाही. ज्याचं त्यानं सांगायचं, मोठ्यानं."

हेच जमेना पहिल्या दिवशी.
खांद्यावर वार आला, मऊ, उशीसारखा,
आणि तोंडातून आपोआप निघालं,
कुठं काय.

हे कुठून आलं, मला माहीत आहे.
नाना तेवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये, चिमट्यावर.
लाल सळई वळवळत येते, पकडायची, वळवायची, सोडायची.
एकदा पोटरीला घासून गेली.
घरी आले, पॅन्टला भोक,
आईला म्हणाले, काही नाही, चाटून गेली.
ती पोटरी अजून तिथं गुळगुळीत आहे, केस नाहीत.

रात्री ओट्यावर बसले होते.
हत्यार हातात घेऊन तोल बघितला,
चिमट्याचा बघावा तसा, मधोमध धरून.
"हलकंय."
मी मागून घेतलं आणि त्याच पोटरीवर
हळूच टेकवलं पातं, ध च्या बाजूनं.
"आता तुम्ही म्हणायचं, लागलं."

नाना पोटरीकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "नळ आले बघ. मोटर लाव."

दहा दिवसांनी आलं होतं पाणी.
मोटर लावली, पिंप भरायला ठेवलं, परत आलो
तर हत्यार त्यांच्या मांडीवर आडवं,
आणि ते अंगठ्यानं टोक दाबून बघायलेत :
दाबायचं, सोडायचं,
फोम पुन्हा वर येईस्तोवर
थांबायचं.